साधा नको, भारी दाखवा

आमच्या घराण्यात आजवर एकच माणूस कॉम्प्युटर शिकला, आणि घराण्याचं जेवढं वाटोळं झालं तेवढं त्या एकट्यानं केलं. तो माणूस म्हणजे मी.

अंबाजोगाईच्या मंडी बाजारात आमची प्रेस होती. हँडबिलं, पावतीपुस्तकं असलं किरकोळ काम यायचं, पण खरी इज्जत लग्नपत्रिकांची. गल्ल्यावर अण्णा, म्हणजे माझे वडील, बसायचे. गिऱ्हाईक पायरी चढलं की नाव-गाव न विचारता ते एकच प्रश्न करायचे, "साधी का भारी?" हा प्रश्न कागदावर लिहिला की निरुपद्रवी दिसतो. तो अण्णांच्या तोंडून ऐकायला पाहिजे होता. 'साधी' म्हणताना ते चष्म्यावरून गिऱ्हाइकाच्या चपलांकडं बघायचे आणि 'भारी' म्हणताना त्याच्या व्याह्याकडं. वर हळूच जोडायचे, "तुमाला साधी चालंल म्हणा." व्याही शेजारी उभा असताना "साधीच द्या" म्हणणारा मर्द आख्ख्या तालुक्यात जन्मला नव्हता. (बाहेरच्या तालुक्यात एक जन्मला होता, धारूरचा. त्याला आम्ही पाणीसुद्धा विचारलं नाही.)

दुसऱ्यांच्या प्रेसबद्दल अण्णांना भयंकर तुच्छता. घरी कुणाची पत्रिका आली की वधू-वर राहिले बाजूला, आधी ते तळाची बारीक ओळ बघायचे, जिथं छापणाऱ्याचं नाव असतं. आमचं असलं की पत्रिका देवघरात. दुसऱ्याचं असलं की, "ह्यांच्या लग्नात भाजी पातळ असणार," म्हणून ती चुलीजवळ. सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांना ही खोड आम्हीच लावून ठेवली होती. पत्रिका खालून वर वाचणारं खानदान महाराष्ट्रात दुसरं नसेल.

आता रावांचं सांगतो, कारण सगळं महाभारत तिथून सुरू झालं. आमच्याकडं नावापुढं राव नसला तर तो माणूस पत्रिकेत आला काय आणि न आला काय, सारखंच. पोरगं दहावीला दोनदा आपटून घरी बसलं की तिसऱ्या वर्षी त्याला राव लागतो. त्यात एकेका पत्रिकेत निमंत्रक, प्रेषक, व्यवस्थापक, स्वागतोत्सुक मिळून आख्खं गाव. आमची छपाई शिशाच्या सुट्या अक्षरांची. त्यांना खिळे म्हणतात, आणि ते एकेक उचलून ओळ जुळवावी लागते. लगीनसराईत चार पत्रिका एकदम जुळायला लागल्या की 'रा' आणि 'व' संपून जायचे. मग कुणाचे तरी राव काढल्याशिवाय गत्यंतर नसायचं. कुणाचे काढायचे, ह्याबाबत अण्णांचं धोरण पक्कं होतं. आधी बायकोकडचे.

माझ्या बहिणीच्या लग्नात ह्या धोरणाचा बळी माझा मामा झाला. आईचा सख्खा, एकुलता एक भाऊ. पत्रिकेत वरती सगळे राव, खालती सगळे राव, एवढंच नव्हे तर मामाच्या मळ्यात सालगडी राहिलेला एकजणसुद्धा राव, आणि मधोमध 'वैजनाथ' असा नुसता, उघडाबोडका. मामा मांडवातून न जेवता उठला. कोपऱ्यावर पानाच्या टपरीजवळ अण्णांनी त्याला गाठलं आणि समजूत काढायच्या ऐवजी 'व' संपण्याचं तांत्रिक कारण समजावून सांगायला लागले. मामा म्हणाला, "सालगड्याला पुरला आन् मला सरला का?" आणि गेला, तो पुन्हा आमच्या उंबऱ्यावर आला नाही. भाऊबीजेला आई ओवाळणीचं ताट लावायची, थोडा वेळ दाराकडं बघायची आणि ताट उचलून ठेवायची. अण्णांनाही वाईट वाटायचं, पण ते त्यांना कबूल करता यायचं नाही, म्हणून ते त्या दिवशी उगाचच प्रेसमधल्या मुनीमजींवर खेकसायचे.

मग माझं लग्न ठरलं. मुलगी गेवराईकडची. सासरे आबासाहेब, गावचे माजी सरपंच आणि जन्मभराचे भावी आमदार. त्यांच्याकडची नावांची यादी आमच्या यादीच्या दुप्पट. घरात कपडे, दागिने, मांडव ह्यावर चर्चा चालली होती, तेव्हा आईनं एकच गोष्ट मागितली.

"मंगलाष्टकाला माज्या भावानं शिवाच्या पाठीशी उभं ऱ्हायलं पायजे," ती म्हणाली. "बाकी तुमाला काय करायचं ते करा."

मामाला निरोप गेला. उलटा निरोप आला, की आधी पत्रिकेत राव बघीन, मग पाय उचलीन. म्हणजे सगळं येऊन ठेपलं ते त्या दोन अक्षरांवर.

नेमका त्याच सुमाराला देशात कॉम्प्युटरचं वारं सुटलं आणि त्यातली एक झुळूक आमच्या समोरच्या गाळ्यात शिरली. नंदकिशोर नावाच्या इसमानं तिथं नंदादीप कॉम्प्युटर्स असा बोर्ड लावला. हा कालपरवापर्यंत झेरॉक्स काढायचा आणि त्या झेरॉक्समध्ये प्रत्येक कागदावर त्याचा अंगठा यायचा. तो आता डीटीपीवाला! टेबलावर एक साधा डेस्कटॉप, त्याला प्रिंटर, आणि बटण दाबलं की हवे तेवढे राव. आमची गिऱ्हाइकं आमच्या पायरीवर चपला काढून त्याच्याकडं जायला लागली. अण्णा म्हणायचे, "टीव्हीवर काय पत्रिका निगत असती व्हय?" पण निघत होत्या, आणि आम्ही बघत होतो.

इथं मी पुढं आलो. मी औरंगाबादला कॉम्प्युटरचा कोर्स केलेला होता. कोर्स म्हणजे काय, तर काचेच्या खोलीबाहेर चपला-बूट ओळीत काढून ठेवायचे, आत जाऊन हात मागं बांधून उभं राहायचं, आणि आपली पाळी आली की लाइट जायची. पण सर्टिफिकेट झकास होतं, लॅमिनेशन केलेलं, अण्णांनी ते गल्ल्यामागं टांगलं होतं. अण्णांनी विचारलं, शिवा, तुला ह्यातलं कळतंय का. मी हो म्हणालो. आयुष्यात माणसानं कधी ना कधी खोटं बोलावं, पण निदान वडील प्लॉट विकायला निघालेले असताना बोलू नये.

परळी रोडवरचा प्लॉट गेला आणि आम्ही बापलेक पुण्याला गेलो. दुकान मोठं, थंडगार. मालक किडकिडीत, अत्यंत सभ्य आणि त्यामुळं आम्हाला बघताक्षणीच नावडलेला. त्यानं आम्हाला पाणी दिलं, काम काय आहे विचारलं. अण्णांनी सांगितलं की लग्नपत्रिका.

"मग साधा डेस्कटॉप पुरे तुम्हाला," तो म्हणाला.

अण्णांचा हात ग्लासासकट थांबला. त्या बिचाऱ्याला काय माहीत, की त्यानं आमच्या घराण्याला कोणत्या शब्दानं डिवचलंय! ज्या माणसानं उभी हयात दुसऱ्यांना 'साधी' म्हणून खाली बघायला लावलं, त्याला कुणी तरी पुण्यात, पंख्याखाली बसवून, पाणी पाजून, 'साधा' म्हणत होतं. शिवाय तसला साधा नंदकिशोरकडंही होता.

कोपऱ्यात कापडाखाली एक धूड झाकून ठेवलेलं होतं. मी तिकडं बोट केलं आणि माझ्या नाशाला कारण झालेलं ते वाक्य बोललो, "त्याच्यापेक्षा भारी काय हाय?"

तो म्हणाला, तो वर्कस्टेशन. एका कारखान्यानं मागवला होता, मग त्यांनी नको म्हटलं. इंजिनिअर लोक त्यावर यंत्रांची, पुलांची डिझाइन करतात. किंमत पाचपट आहे, तुमच्या कामाला त्याचा काही उपयोग नाही, तुम्हाला नको. दुकानदार स्वतः माल विकायचं नाकारतोय, हे ऐकून शहाण्या माणसानं त्याच्या पाया पडायला पाहिजे होतं. अण्णांनी मला बाहेर जिन्यात नेलं.

"वळखलास का?" ते कुजबुजले. "आपलाच डाव आपल्यावर टाकायलाय. तुमाला साधा चालंल म्हणतोय, म्हंजी आपुन चिडून भारी घ्यावा."

"मग साधाच घेऊ की," मी म्हणालो. एवढं एक शहाणपणाचं वाक्य माझ्या नावावर जमा आहे.

"आन् त्याच्या पुढ्यात मान खाली घालून जावं?" अण्णा म्हणाले. "तू शिकल्याला हायस. नीट बघून सांग, कोणचा चांगला."

म्हणजे डाव ओळखला, आणि ओळखूनसुद्धा त्यात उडी मारली! (तो डाव नव्हताच. तो माणूस खरं बोलत होता. पण धंद्यात खरं बोलणारा आम्ही आधी कधी बघितला नव्हता, तर ओळखणार कसा?) मी आत गेलो. दोन्ही यंत्रांभोवती फिरलो. साध्याच्या पाठीमागं हात घातला, भारीच्या पाठीमागं हात घातला. साध्याला वायरी कमी होत्या. भारीचा पडदा भला मोठा, घरातल्या टीव्हीहून मोठा. मी माझं तज्ज्ञ मत दिलं, की ह्याच्यावर एका वेळी जास्त राव मावतील. व्यवहार झाला. पैसे घेताना मालकानं पुन्हा विचारलं, नक्की ना? अण्णा त्याच्याकडं असं बघायला लागले की त्यानं पावती फाडली.

आम्ही ते धूड गोधड्यांत गुंडाळून टेंपोनं आणलं. आष्टीला चहाला थांबलो, तर अण्णांनी टेंपोवाल्याला चहा जाग्यावरच नेऊन दिला, यंत्राला एकटं सोडायचं नाही म्हणून. घरी आल्यावर प्रश्न जागेचा. यंत्राला एसी लागणार, बंद खोली लागणार, आणि बंद होण्यासारखी खोली एकच, खिळ्यांची. अण्णा जरा घुटमळले. त्यांचा हात त्या अक्षरांवर फिरलेला होता. मी म्हणालो, आता खिळ्यांचं काय काम? हे वाक्य मी कंबरेवर हात ठेवून म्हणालो, असं आई अजून सांगते. दुसऱ्या दिवशी सगळे 'रा', सगळे 'व' आणि त्यांची उरलेली भावंडं पोत्यात भरून भंगाराच्या भावानं गेली. पाठोपाठ छपाईचं जुनं मशीनही गेलं. कॉम्प्युटर घरी अजून चालू करून बघितला नव्हता, हे वाचकांच्या लक्षात आलंच असेल. आमच्या आलं नाही.

उद्घाटन दणक्यात केलं. आबासाहेब गेवराईहून जीपभर माणसं घेऊन आले. नंदकिशोरला मुद्दाम बोलावलं, आणि मुद्दाम मागं उभं केलं. मठाच्या स्वामींनी पडद्यावर विभूतीचे तीन पट्टे ओढले, आणि हाताला उरली होती म्हणून बाजूच्या फटीतही थोडी विभूती सोडली. मी बटण दाबलं. बराच वेळ इंग्रजी ओळी धावल्या. लोक माना डोलवत होते. मग मी त्या दुकानदारानं दाखवलेलं एक चित्र उघडलं, आणि पडद्यावर एक दातेरी चाक, अगदी खरं दिसणारं, चकचकीत, गोल गोल फिरायला लागलं.

गर्दीतून "आयला!" असा आवाज आला. आबासाहेबांनी पुढं होऊन विचारलं, हे काय. मी म्हणालो, गिअर. कशाचा, ते मलाही माहीत नव्हतं. पण फिरत होता फार सुंदर. वरून बघा, खालून बघा, आतून बघा. असा गिअर आख्ख्या मराठवाड्यात कुणाकडं नव्हता. पहिला चहा होईपर्यंत सगळ्यांनी तो बघितला. दुसऱ्या चहाला आबासाहेब म्हणाले की जावईबापू, चाक लई झालं, आता नाव लिवा.

आई दारात येऊन उभी राहिली होती. मी अगदी सावकाश, एका बोटानं, मामाचं नाव लिहिलं. इंग्रजीत उमटलं.

"इंग्रजीत कावून?" आबासाहेब म्हणाले.

मी म्हणालो, मराठी आत असते, खोलावी लागते. मग मी मराठी खोलायला लागलो. काय काय खोललं ते मला सांगता येणार नाही. एकदा पडदा काळा झाला, एकदा गिअर उलटा फिरायला लागला, एकदा यंत्रानं मला असं काही विचारलं की मी घाबरून 'नाही' म्हटलं. मागून नंदकिशोरनं खोकल्यासारखं केलं. शेवटी मी पाणी पिऊन येतो म्हणून उठलो आणि कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमधून पुण्याला फोन लावला.

"मराठी?" तो सभ्य माणूस म्हणाला. "अहो, त्याच्यावर मराठी नाही. तुमचा पत्रिकेचा प्रोग्रॅम त्याच्यावर चालणारच नाही. मी म्हणालो होतो तुम्हाला."

मी विचारलं, मग ह्याच्यावर होतं तरी काय?

"पूल," तो म्हणाला.

परत घेणार का, असंही मी विचारलं. त्यानं विचारलं, यंत्र जसं दिलं तसंच आहे ना. मला ती फटीतली विभूती आठवली आणि मी फोन ठेवला. परत आलो तर पाहुणे पांगले होते. आबासाहेब जीपमध्ये बसता बसता म्हणाले, "चाक मातर झ्याक हाय." त्यांचं मन मोठं. त्यांच्या जागी दुसरा कुणी सासरा असता तर त्यानं तिथंच लग्न मोडलं असतं, पण त्यांनाही आयुष्यभर जमिनीवर न आलेल्या गोष्टी फिरवून दाखवायची सवय होती.

आता आमच्याकडं खिळे नाहीत, मशीन नाही, आणि पत्रिका नाही. होता तो गिअर. अण्णा भंगारवाल्याकडं धावले, तर शिसं केव्हाच वितळवून टाकलेलं. मग त्यांनी परळीला, लातूरला जाऊन चोरून छापून आणता येईल का बघितलं. तळाशी छापणाऱ्याचं नाव न टाकता, म्हणजे कुणाला कळू नये! लगीनसराई तोंडावर, कोण उभं करतंय? एकानं तर अण्णांना ओळखून विचारलं, का हो, तुमची प्रेस बंद पडली का. अण्णा तिथून तडक घरी आले. आल्या आल्या ते म्हणाले की हातानं लिहू पत्रिका, आमच्या काळी राजेरजवाडे हातानंच लिहायचे.

आई भाकरी थापत होती. तिनं परातीतला हात तसाच ठेवला. मी तिला त्याआधी अण्णांच्या तोंडावर एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"एका रावापायी माजा भाऊ तुटला," ती म्हणाली. "मी काय बोलले न्हाई. आता ह्या लग्नाला तो आला न्हाई तर मीबी मांडवात बसायची न्हाई. तुमी आन् तुमचं पोरगं, दोघं चाक फिरवीत बसा. मी चालले नंदकिशोरकडं."

आणि ती खरंच गेली. आधी मामाच्या घरी जाऊन त्याला हाताला धरून तिकडं घेऊन गेली, की चल, तुझ्या डोळ्यांनी बघ. आबासाहेब त्यांची यादी घेऊन आले होते, तेही मागोमाग. मला जावं लागलं, कारण लग्न माझं होतं. अण्णा आले नाहीत. ते समोर आमच्या प्रेसमध्ये, दार अर्धं लावून, आत अंधारात बसले होते. एसी मात्र चालू होता.

नंदकिशोर खुर्चीत बसला. त्याचा तो कॉम्प्युटर काय, एवढासा पडदा, कळकट झालेला, वर कुंकू. गिअर म्हणून नावाला नाही! त्यानं खाटखाट बटणं दाबली आणि पडद्यावर मराठीत मामाचं नाव आलं, वैजनाथराव. मामा वाकून बघत राहिला. मग म्हणाला, थोडं मोठं होतंय का. नंदकिशोरनं मोठं केलं. अजून? अजून केलं. राव पडद्यात मावेना झाला तेव्हा मामा सरळ उभा राहिला, नाक शिंकरलं आणि आईला म्हणाला, "अक्का, शिवाच्या पाठीशी मीच उभा ऱ्हातो. दुसऱ्या कुणाला सांगू नको."

आईनं तिथंच, झेरॉक्सच्या मशीनला टेकून, पदर डोळ्यांना लावला. खरं सांगतो, त्या क्षणी मला तो प्लॉट, ते खिळे, तो पुण्याचा सभ्य माणूस, कशाकशाचं काही वाटलं नाही. आई रडत होती आणि मामा तिच्या डोक्यावर हात ठेवून उभा होता. मला वाटलं, सुटलो.

पण मामाही आमचाच सोयरा, पत्रिका खालून वर वाचणारा. त्याची नजर नावावरून घसरत घसरत तळाशी गेली. तिथं बारीक अक्षरात आपोआप आलेलं होतं, 'मुद्रक : नंदादीप कॉम्प्युटर्स.' मामानं ते वाचलं. आबासाहेबांनी वाचलं. मी रस्त्यापलीकडं बघितलं, तर अर्ध्या दारातून चष्मा चमकला आणि दार पूर्ण बंद झालं.

नंदकिशोरनं खुर्ची फिरवली. आधी त्यानं चष्म्यावरून माझ्या चपलांकडं बघितलं. (त्याला चष्मा नव्हता, तरीही वरूनच बघितलं.) मग माझ्या सासऱ्यांकडं बघितलं. आणि समोरच्या गाळ्यात बसून इतके दिवस ऐकून पाठ केलेला प्रश्न त्यानं बरोबर अण्णांच्या आवाजात टाकला, "साधी का भारी? तुमाला साधी चालंल म्हणा."

मला सगळं कळत होतं. हा डाव आमच्या घरात जन्मला, ह्याच डावानं आमचा प्लॉट खाल्ला, प्रेस खाल्ली, आणि आता हा माणूस तोच डाव माझ्यावर टाकतोय, हे मला लख्ख दिसत होतं. पण शेजारी सासरे उभे होते.

"भारीच दाखव," मी म्हणालो. "आन् त्याच्यापेक्षा भारी काय हाय?"